मिऱ्याची लाट आणि अठरा महिने

रत्नागिरीजवळ मिऱ्या किनाऱ्यावर माझे आजोळ आहे. लहानपणी जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीचे चार दिवस आम्ही तिथे असायचो, आणि मागील दारच्या पडवीत बसून समुद्र बंधाऱ्यावर आदळताना पाहणे एवढाच आम्हा भावंडांचा उद्योग असे. त्या वेळी घर आणि समुद्र यांच्यामध्ये माडांच्या तीन रांगा होत्या. आता एकच उरली आहे. हा समुद्र एकदा तैलरंगांत काढायचा, तोही हुबेहूब नव्हे, तर तो अंगावर येतो तेव्हा पोटात जे होते ते दाखवणारा, असे फार वर्षे मनात होते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा झाल्या होत्या, पुढे पतसंस्थेतील नोकरी सांभाळून सहा वर्षे जलरंगांत काम केले होते, परंतु तैलरंगाची ट्यूब मी कधी उघडलीही नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये हे काम हाती घेतले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पुरे झाले. सुरुवातीला विचारावे असे जवळ कुणी नव्हते. तशा स्थितीत असलेल्यांसाठी तारखा, खर्च आणि चुका यांसह हे लिहीत आहे.

शनिवार, २९ एप्रिल रोजी आंबा घाटाने एसटीने कोल्हापूरला गेले आणि सामान घेऊन रात्री परतले. चौकटीवर ताणलेला २४ बाय ३६ इंचांचा सुती कॅनव्हास १,१५० रुपयांना मिळाला. रंगाच्या नऊ ट्यूबना २,६०० रुपये पडले. त्यांपैकी टायटॅनियम व्हाइटची ट्यूब मोठी घ्यावी असे दुकानदाराने सांगितले आणि ते अगदी खरे ठरले, कारण समुद्रचित्रात पांढरा रंग पाण्यासारखा संपतो. डुकराच्या केसांचे राठ ब्रश ७८० रुपयांचे, दोन पॅलेट नाइफ, म्हणजे रंग कालवायच्या आणि थापायच्या सुऱ्या, ३४० रुपयांचे, आणि रंग लवकर सुकवणारे अल्किड माध्यम ६५० रुपयांचे. जवसाचे तेल आणि टर्पेंटाईन मी रत्नागिरीतच घेतले (३१० रुपये), कारण टर्पेंटाईन ज्वालाग्राही असते आणि ते बसमधून किंवा रेल्वेतून नेणे योग्य नाही. सरावासाठी हार्डबोर्डचे लहान तुकडे कापून घेतले, त्यांचे २०० रुपये झाले. ईझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, उसने मिळाले. एकूण ६,०३० रुपये. जलरंगांची सवय असलेल्या मला हा आकडा फार मोठा वाटला आणि त्यामुळे पहिले दोन आठवडे ट्यूब उघडण्याचा धीरच झाला नाही.

समुद्र जवळून पाहता यावा म्हणून एका जेट्टीवर बसून रेखाटने करण्याची परवानगी मागायचे ठरवले. सोमवार, ८ मे रोजी तिथल्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज दिला. सोबत आधारची प्रत आणि कोणत्या दिवशी किती वेळ बसणार याचे वेळापत्रक जोडले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायला विसरू नये, कारण त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत मला प्रत्येक वेळी तोच क्रमांक विचारला गेला. २५ मे रोजी उत्तर मिळाले की, पावसाळ्यात लाटा जेट्टीवर चढतात, त्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला तिथे बसू देता येणार नाही. त्या वेळी मला वाईट वाटले, पण पुढे जूनमध्ये जे पाहिले त्यावरून ते उत्तर बरोबरच होते असे म्हणावे लागते. शेवटी मामाकडच्या पडवीतच बसायचे ठरले, आणि तिथे कुणाचीच परवानगी लागणार नव्हती.

९ जून ते १३ जून मी रजा घेऊन मिऱ्यावर राहिले. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होते. ते किनाऱ्यापासून दूर होते आणि पुढे १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊजवळ जमिनीवर आले, परंतु त्याने उठवलेल्या लाटा आमच्यापर्यंत पोहोचत होत्या. ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या आसपासचे ते दिवस, म्हणजे भांगाचे. एरवी भांगाच्या भरतीला पाणी फारसे चढत नाही. तरीही लाटा बंधाऱ्याचे दगड ओलांडून आत येत होत्या आणि त्यांच्या गाजेने रात्री घराच्या कौलांना कंप सुटल्याचा भास होत होता. ११ जूनला मोसमी पाऊस रत्नागिरीत पोहोचल्याचे जाहीर झाले. मामी माझ्या शेजारी चहाचा कप ठेवून म्हणाल्या, “एवढ्या पावसात काय गो काढतेस? कागद तरी राहतोय का जाग्यावर?” कागद खरोखरच राहत नव्हता. कोळशाच्या कांड्या ओल्या होऊन निरुपयोगी झाल्या, तेव्हा मी ऑइल पेस्टल वापरायला लागले. ती तेलकट असल्यामुळे दमट कागदावरही उमटतात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, एका वेळी एकच बाहेर काढून, पाच दिवसांत चाळीसहून अधिक रेखाटने झाली.

त्या पाच दिवसांत जे कळले ते मला कोणत्याही छायाचित्रातून कळले नसते. पहिली गोष्ट अशी की, आपला पावसाळी समुद्र निळा नसतो. वाळू, गाळ आणि वरच्या सड्यांवरून, म्हणजे कातळाच्या पठारांवरून, वाहून आलेली तांबडी माती यांमुळे तो गढूळ, तपकिरीकडे झुकणारा करडा असतो, आणि म्हणून माझी निळ्या अल्ट्रामरीनची ट्यूब आजही जवळजवळ भरलेली आहे, तर बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर हे तपकिरी रंग मला पुन्हा विकत घ्यावे लागले. दुसरी गोष्ट उजेडाची. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, म्हणजे पूर्वेकडून येते. त्या वेळी लाटेचा आपल्याकडचा भाग सरळ उजळतो आणि लाट एखाद्या भिंतीसारखी सपाट दिसते. दुपारी चारनंतर ढगांमागचा उजेड समुद्राच्या बाजूने येऊ लागतो, आणि लाट उभी राहून तिचा शेंडा पातळ झाला की तेवढ्या पट्टीतून तो उजेड आरपार येतो. ती पट्टी हिरवट, जवळजवळ शेवाळी रंगाची असते आणि फार तर दोन श्वास टिकते. तिच्या खाली लाटेचे पोट मात्र अंधारे असते. तिसरी गोष्ट फेसाची: सावलीतला फेस पांढरा नसतो, तो करडा-जांभळट असतो, आणि पांढरा रंग फक्त तिथेच खरा वाटतो जिथे फेसावर थेट उजेड पडतो.

मिऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात येऊन अडकलेले ‘बसरा स्टार’ हे जहाजही तिथून दिसत होते. ते चित्रात घ्यावे असे मला दोघातिघांनी सुचवले. मी दोन रेखाटनांत ते घेऊन पाहिले आणि मग सोडून दिले, कारण जहाज आले की पाहणाऱ्याची नजर त्याच्या कहाणीकडे जाते आणि समुद्र मागचा पडदा होऊन बसतो. मला लाटेचे वजन हवे होते.

शनिवार, २४ जून रोजी मी कॅनव्हासवर काम सुरू केले आणि तिथेच मोठी चूक केली. रेखाटने बाजूला ठेवून मी फोनमधले एक स्वच्छ छायाचित्र समोर घेतले. फोन लाटेला क्षणात गोठवतो. त्यात प्रत्येक शिंतोडा वेगळा दिसतो आणि आपण तो प्रत्येक शिंतोडा रंगवायला जातो. मी रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तासभर बसत असे आणि आदल्या दिवशीच्या ओल्या रंगावर पुन्हा पांढरा चढवत असे. आठवड्याभरात सगळा रंग मळून एकसारखा राखाडी झाला आणि लाट पिंजलेल्या कापसासारखी दिसू लागली. शाळेत ज्यांनी आम्हाला चित्रकला शिकवली ते सर आता निवृत्त आहेत. ७ जुलैला मी त्यांना घरी बोलावले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “तू फेस रंगवलास. पाणी कुठे आहे?” मग त्यांनी जवळच्या एका जुन्या पुस्तकातून फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे याने १८६९ मध्ये एत्रता येथे राहून काढलेल्या लाटांच्या चित्रांचे छापील नमुने दाखवले. त्यात रंग सुरीने थापलेला आहे, आणि पाणी दगडाइतके जड वाटते; फेस अगदी थोडा आणि शेवटी ठेवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मी संपूर्ण कॅनव्हास पॅलेट नाइफने खरवडला आणि टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसला. दोन हजारांच्या आसपासचा रंग फडक्यावर गेला. त्या रात्री मला जेवण गेले नाही, हे लिहायला हरकत नाही. इथे एक काळजीची सूचना: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा स्वतःहून पेटू शकतो. मी ती पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवते.

त्यानंतर महिनाभर कॅनव्हासला हात लावता आला नाही. तैलरंग जलरंगासारखा पाणी उडून सुकत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि जुलैतल्या कोकणच्या हवेत ही क्रिया फारच रेंगाळते. हार्डबोर्डवरचा पातळ थरही बारा दिवसांनी बोटाला चिकटत होता. कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशीचे बारीक ठिपके दिसले. ते कोरड्या ब्रशने झाडले आणि चौकट भिंतीपासून वीतभर पुढे, पंख्याच्या वाऱ्यावर उभी केली. हीटर लावण्याचा मोह सरांनी मोडून काढला, कारण वरची साय लवकर धरली आणि आतला रंग ओला राहिला तर पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात. या महिन्यात मी हार्डबोर्डच्या सहा तुकड्यांवर फक्त तीन टोन वापरून लाटेची मांडणी करून पाहिली: अंधारे पोट, मधला करडा आणि उजेड. सहावी मांडणी जमली. तिच्यात क्षितिज वरच्या तिसऱ्या भागावर होते, लाट डावीकडून उठत होती, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात बंधाऱ्याचे दगड एका काळ्या तिरक्या पट्ट्यात होते.

शनिवार, ५ ऑगस्ट रोजी पहिला थर दिला. रॉ अंबर आणि बर्न्ट सिएना टर्पेंटाईनमध्ये पातळ करून मोठ्या ब्रशने केवळ अंधार मांडला. रॉ अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो रंग लवकर सुकतो, म्हणून खालच्या थराला तो सोयीचा. यातला मुख्य नियम असा की, खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा असावा. उलटे केले तर वरचा थर आधी कडक होतो आणि पुढे तडकतो. हवेने या वेळी साथ दिली. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. शेतकऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागले होते आणि माझ्या घरात रंग सुकत होता, हे मनाला टोचत राहिले. २० ऑगस्टला अल्किड माध्यम घालून दुसरा थर दिला: आभाळ, दूरचे पाणी आणि लाटेचे पोट. हा थर चार दिवसांत सुकला.

खरे काम रविवार, १० सप्टेंबर रोजी झाले. भावनेने भारून जाऊन सपासप रंग फेकणे म्हणजे अभिव्यक्ती, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवसाच्या तयारीने बदलली. सकाळी दोन तास मी फक्त रंग कालवत होते. पॅलेटवर पाच मोठे ढीग केले आणि प्रत्येक ढीग चित्राजवळ धरून पाहिला. मग भिंतीवर जुनी वर्तमानपत्रे चिकटवून, उभ्याने, खांद्यापासून हात फिरवून लाटेचा प्रत्येक मोठा फटकारा कोरड्या सुरीने करून पाहिला. गवंडी थापीने गिलावा मारतो तेव्हा त्याचा हात एकदाच जातो, आणि माल बसला की तो पुन्हा तिथे बोट लावत नाही. तसेच इथे करायचे होते. दुपारी साडेतीनला सुरुवात केली. लाटेच्या पोटातले गडद रंग आधी, खालून वर वळणाऱ्या दिशेने. पाणी जिथे चालले आहे तिथेच सुरी जायला हवी, आडवी गेली की लाट मरते. त्यानंतर शेंड्याजवळची हिरवट पट्टी: हिरवा व्हिरिडियन, मातकट पिवळा यलो ऑकर आणि थोडा पांढरा. ती एका फटक्यात ठेवली आणि लगेच मागे सरकले, कारण पुन्हा हात लागला असता तर खालचा तपकिरी वर येऊन ती मळली असती. सर्वांत शेवटी फेस, तोही बंधाऱ्यावर आपटून उडतो तेवढ्यापुरता, नाइफच्या टोकाने जाड. मोठे फटकारे मोजून तेवीस झाले. सात वाजता उजवा खांदा उचलत नव्हता. आरशात उलटे पाहिले तेव्हा लाट प्रथमच जड वाटली, आणि त्याच आरशात हेही दिसले की क्षितिज उजवीकडे अर्धा सेंटिमीटर उतरले आहे.

ते तसेच ठेवून गणपतीच्या तयारीला लागावे लागले. १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती आणि घरात बारा माणसे येणार होती. चित्र आतल्या खोलीत कपाटावर ठेवले. तरी तिसऱ्या दिवशी धाकट्या भाच्याने खुर्चीवर चढून फेसात बोट खुपसले. वरून सुकल्यासारखा दिसणारा जाड पांढरा रंग आत लोण्यासारखा मऊ होता. जाड थर सुकला आहे की नाही हे पातळ जागी तपासून कळत नाही, सर्वांत जाड जागी पाहावे लागते, हे मला असे समजले. १ ऑक्टोबरला बोटाचा खड्डा नाइफने बुजवला, पट्टी धरून क्षितिज सरळ केले, आणि चित्राला हात लावणे थांबवले.

मुंबईतल्या एका कलासंस्थेच्या वार्षिक प्रदर्शनासाठी नोव्हेंबरमध्ये अर्ज भरला. प्रवेशशुल्क १,००० रुपये, परत न मिळणारे. ऑनलाइन अर्जासोबत चौकटीशिवायचे छायाचित्र, आधारची प्रत आणि चित्र स्वतःचे व मूळ असल्याचे स्वाक्षरीचे हमीपत्र लागले. बारा दिवसांनी छायाचित्रात चकाकी असल्याचे कळवून अर्ज परत आला. जाड तैलरंगावर दिवा किंवा फ्लॅश पडला की प्रत्येक उंचवटा चमकतो. मग मी चित्र पडवीच्या सावलीत उभे करून, ढगाळ सकाळी, दूरून झूम करून छायाचित्र काढले आणि ते चालले. चित्राची निवड झाल्याचे १८ डिसेंबरला समजले. चौकटीला २,४०० रुपये गेले. मागे दोन हुक आणि तार लावायची होती, आणि लेबलवर नाव, शीर्षक, माध्यम, आधी उंची मग रुंदी अशी सेंटिमीटरमधली मापे आणि किंमत लिहायची होती. विकायचे नसेल तरी किमतीची जागा रिकामी न सोडता ‘विक्रीसाठी नाही’ असे स्पष्ट लिहावे लागते. ५ जानेवारी २०२४ च्या रात्री कोकणकन्येने निघाले. चित्राच्या चारही कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे लावून त्यावर पुठ्ठा बांधला होता, जेणेकरून पुठ्ठा रंगाला टेकणार नाही. चित्र जमा केल्यावर मिळालेली अर्धी पावती परत नेताना दाखवावी लागते. तिचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. २० जानेवारीला जाऊन चित्र परत आणले. दोन्ही फेऱ्यांत मिळून तीन किरकोळ रजा आणि साधारण १,९०० रुपये खर्च झाले.

शेवटचे काम वार्निशचे. जाड तैलरंगाला वर्षभर तरी थांबावे, असे सरांनी बजावले होते. पाऊस सरल्यावर कापसाला टर्पेंटाईनचा थेंब लावून कोपऱ्यात हलकेच फिरवला. कापूस स्वच्छ राहिला, तेव्हा रविवार, २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, दुपारच्या कोरड्या हवेत, चित्र टेबलावर आडवे ठेवून वार्निशचे दोन पातळ हात दिले (४२० रुपये). लाटेच्या पोटातला जो गडद भाग सुकताना निस्तेज होऊन बसला होता, तो पहिल्याच हाताने ओला दिसू लागला. मी ब्रश तसाच धरून काही वेळ उभी राहिले.

दिवाळीत चित्र मिऱ्यावर नेले. समुद्राकडच्या भिंतीला खारी ओल धरते, म्हणून मामांनी ते माजघरातल्या आतल्या भिंतीवर लावले. मामी हात पुसत आल्या आणि उभ्या राहिल्या. कोपऱ्यातले दगड त्यांनी ओळखले. मग हिरवट पट्टीकडे बोट करून म्हणाल्या, “ह्यात चार वाजून गेलेत ना गो?”

मी हो म्हटले.